लाउंजमधला पियानो सोडू का?

ताई, मी म्हापशाचा. वय 39. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसूनच माझी बोटं सुरांवर पडली. पुढे पणजीला कला अकादमीत पियानो शिकलो, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा दिल्या. गेली तेरा वर्षं घरापासून अर्ध्या तासावरच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये आठवड्यातून पाच संध्याकाळी वाजवतो आणि गातो. जुनी हिंदी गाणी, कोकणी, इंग्रजी, कुणी मागितलं तर नाट्यपदसुद्धा. गेल्या महिन्यात माझं गाणं अर्ध्यावर असताना एका पाहुण्याने वेटरला टीव्हीवर मॅच लावायला सांगितली. मॅनेजरने मला दुरूनच आवाज कमी करायची खूण केली. त्या रात्री झोप लागली नाही. बाबा म्हणतात, 'जन्मभर हॉटेलात पेटीच बडवणार काय?' आता दोन वाटा समोर आहेत. ऑक्टोबरपासून एका क्रूझ जहाजावर सात महिन्यांचं काम, पैसे डॉलरमध्ये. नाहीतर इथल्याच एका शाळेत संगीत शिक्षकाची पूर्ण वेळ नोकरी. बायको बँकेत आहे, मुलगी चौथीत. हॉटेल पावसाळ्यात दिवस कमी करतं, लेखी करार असा काही नाही. तेरा वर्षांत मी कुठेच पोचलो नाही असं वाटतं. काय करू?

– एक वादक, म्हापसा

जहाजाचं पुढे बोलू. आधी त्या मॅचचं.

तुम्हाला जे लागलं ते लागण्यासारखंच आहे. माणूस गात असताना त्याच्यासमोर टीव्ही लावणं हा अपमानच आहे, आणि मॅनेजरने तुम्हाला खूण करण्याऐवजी पाहुण्याला 'हे गाणं होऊ दे, मग लावतो' एवढं म्हणायला हवं होतं. पण त्या संध्याकाळीवरून तुम्ही तेरा वर्षांचा निकाल लावताय, तो मला मान्य नाही. लाउंजमध्ये लोक ऐकायला आलेले नसतात. ते भेटायला, थकवा घालवायला, कधी रुसवा काढायला आलेले असतात, आणि गाणं त्यांच्या बाजूने वाहत असतं. मैफलीत श्रोता तुमच्याकडे तोंड करून बसतो, इथे पाठ करून बसतो. पाठ करून बसलेला माणूस ऐकत नाही असं मात्र समजू नका. जुन्या गाण्याचा अंतरा सुरू झाल्यावर कुणाचं बोलणं मध्येच थांबतं, कुणाची बोटं टेबलावर ठेका धरतात, हे तुम्ही तेरा वर्षं पाहत आला आहात.

या कामाला लागणारं कसब तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, म्हणून मीच जरा सविस्तर लिहिते. सहा वाजता चहाच्या वेळी शब्द नकोत, नुसते सूर हवेत, कारण माणसं बोलत असतात आणि गाण्याचे शब्द त्यांच्या बोलण्याला आडवे येतात. आठ वाजता आवाज लावायचा, पण पहिलं गाणं ओळखीचं हवं. एका टेबलावर वाढदिवस, दुसऱ्यावर नुकतंच कुणी गेलेलं घर, तिसऱ्यावर जर्मन जोडपं, आणि या तिघांना चालेल असं पुढचं गाणं मागचं संपता संपता ठरवायचं. फर्माईश आली तर कागद न बघता, हव्या त्या पट्टीत. स्वतःच स्वतःची साथ करायची, म्हणजे डाव्या हातात तबला आणि बास, उजव्यात व्हायोलिनं, आणि वर गळा. मोठ्या मंचावर गाणाऱ्या किती जणांना हे एकट्याने तीन तास जमेल? फार थोड्यांना, असं माझं ठाम मत आहे.

आता एका बाईची गोष्ट सांगते. ती तुमच्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाची आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ट्रायन नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1933 साली युनिस वेमन ही कृष्णवर्णीय मुलगी जन्मली. आई चर्चमध्ये प्रवचन करायची आणि लोकांच्या घरी कामही करायची. मुलीचा हात बघून आई जिथे कामाला जायची त्या घरच्या बाईने तिच्या शिकवणीचे पैसे दिले, आणि मग गावाने निधी जमवला. गोरे, काळे, दोघांनी. शिकवणाऱ्या म्युरियल मॅझानोविच यांनी तिला बाख या जर्मन संगीतकाराची गोडी लावली. लहानपणी एका कार्यक्रमात गोऱ्या लोकांना जागा द्यायला तिच्या आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवलं, तेव्हा ते परत पुढे बसेपर्यंत मी वाजवणार नाही असं त्या पोरीने सांगितलं. तिला शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. 1951 साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेने तिला प्रवेश नाकारला. आपल्या रंगामुळेच तो नाकारला हे तिचं मत शेवटपर्यंत टिकलं. मग 1954 च्या उन्हाळ्यात पोटासाठी ती अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये वाजवायला लागली. मालकाने सांगितलं, नुसतं वाजवून चालणार नाही, गावंही लागेल, नाहीतर काम गेलं. तोवर तिने गायिका म्हणून काम केलेलं नव्हतं. आईला कळू नये म्हणून नावही बदललं, आणि जगाला नीना सिमोन मिळाली.

नीना सिमोनला बारमध्ये लोक बोलू लागले की ती हात थांबवून शांत व्हायची वाट पाहायची. तुम्ही हॉटेलात तसं करू नका, तुमचं काम जाईल. तुमच्यासाठी पहिलं कारण वेगळं आहे: ज्या जागेची तिला लाज वाटत होती, तिथेच तिचं गाणं घडलं. बाख शिकलेल्या हातांनी ती बारमधली साधी गाणी वाजवायची आणि मधल्या जागेत बाखसारखे सूर गुंफायची. असा मेळ कुठलीही संस्था शिकवत नाही, रात्रीमागून रात्री अनोळखी माणसांसमोर बसूनच तो जमतो. तुमच्यातही तो आहे. भजनातली पेटी, ट्रिनिटीचा पियानो, कोकणी गाणं आणि नाट्यपद हे सगळं एका माणसाच्या हातात आलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

दुसरं कारण पैशाचं. पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे हक्क तिने 3,000 डॉलरला विकून टाकले. ती मुद्रिका पुढे वर्षानुवर्षं विकली गेली आणि तिच्या वाट्याला काही आलं नाही. 2003 साली, मृत्यूच्या अगदी काही दिवस आधी, त्याच कर्टिस संस्थेने तिला मानद पदविका दिली. मान मिळाला, गेलेले पैसे काही परत आले नाहीत. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती 'लेखी करार असा काही नाही' या ओळीची. मॅच, बाबांचं बोलणं, हे सगळं त्यानंतर.

'कुठेच पोचलो नाही' याबद्दलही बोलायला हवं. एकाच जागी राहिलं म्हणजे वाढ खुंटली, असं तुम्ही धरून चाललाय. बॉबी शॉर्ट नावाचा पियानोवादक-गायक होता, इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावचा. 1968 साली न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलात दुसऱ्या वादकाच्या सुट्टीच्या दोन आठवड्यांपुरता तो बदली म्हणून आला, आणि 2004 पर्यंत तिथेच वाजवत राहिला. एक हॉटेल, एक पियानो, छत्तीस वर्षं. लोक त्याला ऐकण्यासाठी त्या हॉटेलात जायचे. फरक इतकाच, की तिथे दारावर त्याचं नाव होतं. तुमच्या हॉटेलच्या पाटीवर बहुधा 'लाइव्ह म्युझिक' एवढंच लिहिलेलं असेल.

आणि आपल्या गोव्याचा इतिहास तर तुमच्या बाजूनेच बोलतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन, गायन शिकवलं जायचं. मुलं तयार व्हायची, पण गावात त्या विद्येवर पोट भरत नव्हतं. म्हणून ती मुंबईला गेली, धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांत, दाटीने राहिली, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत राहिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा.  हिंदू घरांतली वाटही वेगळी नव्हती: केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, दोघींना गाण्यासाठी गाव सोडावं लागलं. हे सगळे हौसेने गेले असं म्हणता येणार नाही, घराजवळ काम नव्हतं म्हणून गेले. तुम्हाला मात्र रोजचं, पगारी, संगीताचं काम घरापासून अर्ध्या तासावर मिळालेलं आहे, आणि रात्री तुम्ही मुलीच्या घरी परतता. त्या पिढीला हे मिळालं असतं तर त्यांनी ते अपयश मानलं नसतं, अशी माझी खात्री आहे.

म्हणून माझं उत्तर असं: लाउंज सोडू नका, पण आज ज्या अटींवर तिथे बसता त्या अटी सोडा.

सप्टेंबरमध्ये, सीझनचं वेळापत्रक ठरण्याआधी, मॅनेजरशी बसून बोला. उभ्या उभ्या नको, कामाच्या मधल्या वेळात तर नकोच. ऑक्टोबर ते मार्चची नेमकी संध्याकाळींची संख्या लेखी मागा, आणि पावसाळ्यातल्या किमान संध्याकाळीही. काम रद्द झालं तर किती आधी सांगायचं आणि न सांगितल्यास किती पैसे, हे त्यात हवं. तीन तासांत दोन विश्रांती हव्यात, कारण विश्रांतीशिवाय इतका वेळ गाणं गळ्याला सोसत नाही. नाताळ आणि 31 डिसेंबरचा दर वेगळा. टीव्हीचंही लिहून घ्या: गाणं चालू असताना लाउंजमधला टीव्ही आवाजाशिवाय. मॅनेजरला हे विचित्र वाटणार नाही, त्याला तर नियम हवाच असतो, म्हणजे पाहुण्याला नाही म्हणायला कारण मिळतं. आणि पाटीवर, मेनूकार्डवर, हॉटेलच्या जाहिरातीत तुमचं नाव. या एका गोष्टीवर मागे हटू नका. दर थोडा कमी मिळाला तरी चालेल, नाव हवंच.

पियानो हॉटेलचा असेल तर त्याचाही उल्लेख करा. गोव्याच्या दमट हवेत पियानोचे हाल होतात. तारा गंजतात, हातोड्यांचा नमदा ओल धरतो, पट्ट्या अडकतात. वर्षातून दोनदा ट्यूनिंग, त्यातलं एक पावसाळा संपल्यावर, हा खर्च हॉटेलचा. बेसूर पियानोवर गाऊन तुमचा गळा त्या बेसुराशी जुळवून घेऊ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

गळ्याचं म्हणाल तर चाळिशीच्या उंबरठ्यावर आहात. पंचविशीत काळी दोनमध्ये गाणारा पुरुष आता पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली, उतरला तर त्यात काही कमीपणा नाही. शेवटच्या तासाची गाणी अर्धा-एक सूर खाली घ्या. खालच्या पट्टीत शब्द जास्त स्वच्छ येतात आणि लाउंजला तेच हवं असतं. एसीच्या झोताखाली बसत असाल तर पियानो हलवून घ्या. हिशोबही नीट ठेवा. हॉटेल टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापत असेल तर आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत तो दिसतो का पाहा, आणि विवरणपत्र दरवर्षी भरा. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात तर तेरा वर्षांच्या कामाचा तोच पुरावा. बायको बँकेत आहेत, त्या हे तुमच्याहून नीट सांगतील.

पण नुसत्या कराराने तुमची तहान भागणार नाही. तुम्हाला ऐकणारे लोक हवे आहेत, समोर तोंड करून बसलेले. ते लाउंजमध्ये मागू नका, वेगळे जमवा. महिन्यातून एक संध्याकाळ, हॉटेलात वाजवायचं नसेल त्या वारी, कुणाच्या घराच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, किंवा एखाद्या छोट्या सभागृहात, तीस-चाळीस खुर्च्या, थोडी प्रवेशफी, सव्वा तासाचा कार्यक्रम. उघड्यावर करणार असाल तर माइक रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा सातला सुरू करा. दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून सादर करायची तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, परवाना लागतो, तो आधी काढा. आणि कार्यक्रमाची सुरुवात बाबांच्या भजनाच्या चालीने करा. पेटीवर नको, पियानोवर. त्या चालीला डाव्या हाताचे सूर तुम्हीच देऊ शकता.

स्वतःची दोन-चार गाणी असतील, पत्रात त्यांचा उल्लेख नाही पण तुमच्यासारख्या माणसाकडे ती असतातच, तर ती लिहून ठेवा आणि आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही. कुणी कागद पुढे केला तर सही करण्याआधी एवढं लक्षात ठेवा. 3,000 डॉलरची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली.

शाळेच्या नोकरीला माझा विरोध नाही, तुमच्या मनःस्थितीला आहे. अपमान झाला म्हणून शिक्षक होऊ नका, मुलांना ते कळतं. शिकवायची ओढ असेल तर दुपारी घरी चार विद्यार्थी घ्या. वर्षभराने त्यात रमलात तर शाळेचा विचार करायला वेळ आहे. पूर्ण वेळ शाळा करून पाच रात्री गाणं मात्र जमणार नाही, गळा दोन्हीकडे वापरून बसून जाईल.

जहाजाचं. आपल्याकडे घरोघरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आहेत, तेव्हा सात महिने म्हणजे काय हे तुमच्या घरात कुणाला समजावायला नको. पैसे चांगले, राहणं-जेवण जहाजावर, आणि पियानो बारमध्ये बसून वेगवेगळ्या देशांची माणसं ओळखता येतात. तरुण आणि एकटे असता तर मीच जा म्हटलं असतं. पण तुम्ही पैशासाठी जात नाही आहात, इथून निघायचं म्हणून जात आहात. जहाजावरच्या लाउंजमध्येही टीव्ही असतो. सात महिन्यांनी परत याल तेव्हा इथली जागा दुसऱ्या कुणाकडे गेलेली असेल आणि प्रश्न होता तिथेच असेल. मुलीच्या चौथीचं बरंचसं वर्षही निघून गेलेलं असेल. माझा सल्ला, यंदा नको. पुढे कधी गेलात तर एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का ते आधी तपासा, आणि नोकरीसाठी कुणी तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा, कारण नियमानुसार खलाशाकडून भरतीची फी घेता येत नाही.

राहिले बाबा. 'पेटी बडवणं' हे त्यांच्या तोंडून आलेलं मला टोचलं, कारण पेटी त्यांनीच तुम्हाला दिली. पण त्यांच्या बाजूने बघा. त्यांनी देवळात वाजवलं, जिथे वाजवणाऱ्याला प्रसाद आणि मान मिळतो. हॉटेलात वाजवणाऱ्याला काय मिळतं हे त्यांनी पाहिलेलं नाही, फक्त रात्री उशिरा थकून येणारा मुलगा पाहिला आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. पहिल्या संध्याकाळीसाठी त्यांच्या कुठल्या चाली घ्यायच्या, कोणत्या अभंगाला कुठली चाल होती, त्यांची मात्रा कुठे पडायची, हे त्यांनाच विचारून लिहून घ्या. त्यातल्या बऱ्याच चाली त्यांच्याखेरीज कुणाला आठवतही नसतील, त्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांची तब्येत बरी आहे तोवरच हे काम होणार, म्हणून करारापेक्षाही आधी याच रविवारी बसा.

जहाजाच्या एजंटला याच आठवड्यात नकार कळवा, म्हणजे जागा दुसऱ्याला मिळेल. शाळेला सांगा, यंदा नाही, पण आठवड्यातून एक तास मुलांची समूहगीतं बसवायला येऊ शकेन. आणि मॅनेजरशी बोलायला जाण्याआधी कराराचा मसुदा करून मला पाठवा. तो पुढच्या अंकाआधी वाचून, कुठे शब्द घट्ट करायला हवेत ते लिहून परत पाठवीन.